टेंभी नाक्याच्या पार्किंगमध्ये सुपरचार्जर बसवता येईल, पण ती गाडी रस्त्यावर काढता येईल का?

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर गाडी पळवायला जागा नाही. स्टेशनकडून येणारी गर्दी, कोर्ट नाक्याकडे वळणाऱ्या रिक्षा, आनंद आश्रमासमोर थांबलेल्या गाड्या, आणि मधूनच रस्ता ओलांडणारी माणसं. दहीहंडीला आणि नवरात्रात तर इथली वाहतूक दुसरीकडूनच वळवावी लागते. दुसरा गिअर टाकायची संधी मिळाली तरी नशीब म्हणायचं.

तरीही रात्री अकरानंतर याच भागात मध्येच एखादी जुनी सेदान जाते आणि बोनेटखालून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. ज्यांना कळतं त्यांची मान लगेच वळते. बाकीच्यांना वाटतं, गाडीचा बेल्ट गेलाय.

बेल्टच असतो तो, पण गेलेला नसतो. त्या बेल्टवर सुपरचार्जर फिरत असतो.

रील्समध्ये हे सगळं फार सोपं दिसतं. सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, चार पाने, एक जॅक, परदेशातून आलेलं खोकं, आणि तीस सेकंदांत गाडी तयार. कमेंटमध्ये ‘भाऊ, खर्च किती?’ हा प्रश्न हमखास असतो. ‘भाऊ, हे चालतं का?’ हा प्रश्न क्वचितच दिसतो. आणि चालतं का, याचं उत्तर तीन ठिकाणी वेगवेगळं मिळतं: इंजिनात, आरटीओत आणि विमा कंपनीत.

आधी फुंकणी समजून घ्या

चूल मंदावली की आजी फुंकणी घेऊन फुंकर घालायची. लाकडं तेवढीच, पण हवा जास्त मिळाली की जाळ भडकायचा. लोहाराचा भाता हेच करतो, आणि सुपरचार्जरही.

साधं पेट्रोल इंजिन स्वतःच्या दमानं हवा ओढतं. पिस्टन खाली गेला की पोकळी होते आणि बाहेरची हवा आत शिरते. बाहेरचा दाब समुद्रसपाटीला साधारण १४.७ पीएसआय असतो, त्यामुळे आत शिरणाऱ्या हवेला मर्यादा आहे. जेवढी हवा, तेवढंच पेट्रोल जळणार. सुपरचार्जर हा इंजिनच्याच क्रँकवरून बेल्टनं फिरणारा पंप. तो हवा दाबून आत कोंबतो. टर्बोचार्जरचं कामही तेच, फक्त तो धुराड्यातून जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. म्हणून टर्बो कधीकधी जरा उशिरा जागा होतो, तर सुपरचार्जर पाय दाबल्याबरोबर हजर असतो.

भात्याची उपमा नुसती उपमाही नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट्स आडनावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये ज्या ब्लोअरचं पेटंट घेतलं, तो पुढे लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना हवा देण्यासाठी वापरला गेला. त्याच जातकुळीचा पंप पुढं मोटारीच्या इंजिनावर चढला. १९२१ मध्ये मर्सिडीजनं सुपरचार्जर लावलेल्या गाड्या लोकांसमोर आणल्या आणि त्यासाठी ‘कॉम्प्रेसर’ हा जर्मन शब्द रूढ केला.

मराठी माणसाशीही त्याचं नातं जुनं आहे. १९३० च्या दशकात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे बनली होती. तिची बॉडी इंग्लंडच्या गर्नी नटिंग यांनी बांधली. एसजे म्हणजे त्या गाडीचं सुपरचार्जरवालं मॉडेल. कंपनीच्या दाव्यानुसार साध्या मॉडेलची ताकद २६५ हॉर्सपॉवर, तर सुपरचार्जरवाल्याची ३२०. आजही तिची गणना जगातल्या नावाजलेल्या गाड्यांत होते.

एवढं मागं जायचं नसेल, तर ठाण्याच्या रस्त्यावर पंधरा-वीस वर्षं जुनी मर्सिडीज सी २०० शोधा. मागं ‘कॉम्प्रेसर’ असं लिहिलेलं असेल तर ती कारखान्यातूनच सुपरचार्जर लावून आलेली आहे, आणि तिची जुळणी पुण्यात झालेली असण्याची शक्यता मोठी. कावासाकीची निंजा एच२ ही सुपरचार्जरवाली बाइकही २०१५ मध्ये भारतात विक्रीला आली.

म्हणजे भारतात सुपरचार्जरवर बंदी आहे, हा समज चुकीचा आहे. मशीन कुठलं आहे यापेक्षा ते कुणी बसवलं, याला इथं जास्त महत्त्व आहे.

१०६ चे १५६ होतात का?

उदाहरणाला ठाणे-डोंबिवलीच्या हौशी मंडळींची जुनी आवडती गाडी घेऊ. २००० सालच्या आसपास आलेली होंडा सिटी व्हीटेक. दीड लिटरचं इंजिन आणि १०६ बीएचपी, त्या काळात हा आकडा ऐकून लोक चाट पडायचे. रीलमध्ये सांगतात, सात पीएसआय बूस्ट दिला की हवा जवळपास दीडपट, म्हणजे ताकदही दीडपट. १०६ चे १५६.

या गणितात उष्णता धरलेली नसते.

हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचं टोक आठवा. बाहेर ३२ अंश असताना साध्या रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरनं सात पीएसआयपर्यंत दाबलेली हवा ढोबळमानानं ९० अंशांच्या घरात जाते. गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब ४८ टक्क्यांनी वाढला तरी प्रत्यक्षात आत जाणारी हवा वाढते २३-२५ टक्केच. मध्ये इंटरकूलर लावून हवा ५० अंशांपर्यंत थंड केली, तर वाढ ३८-४० टक्क्यांवर जाते. त्यातून पंप फिरवायला इंजिनच स्वतःची ताकद देतं. या आकाराच्या इंजिनात ती दहा हॉर्सपॉवरच्या आसपास जाईल. सगळं व्यवस्थित जमलं तर १०६ चे १३५ ते १४० होतील. वाईट नाही. पण १५६ नाहीत.

आणि इंटरकूलरला समोरून वारा लागतो. घोडबंदर रोडला गायमुखपाशी अर्धा तास उभ्या असलेल्या गाडीला कसला आलाय वारा? मे महिन्यात तिथं बोनेटखाली काय तापमान असेल, याचा अंदाज कुणीही बांधावा.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे नॉकिंग. गरम, दाबलेल्या मिश्रणाला ठिणगी पडायच्या आधी किंवा ठिणगीनंतर भलत्याच कोपऱ्यात स्वतःहून आग लागते. पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा दणका बसतो. असे दणके सतत बसले की पिस्टनच्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जातं, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कंपनीनं साध्या हवेसाठी ठरवलेलं असतं, त्यात वरून दाब दिला की हा धोका लगेच वाढतो. म्हणून कारखान्यात सुपरचार्जर बसवताना इंजिनचं कॉम्प्रेशन कमी ठेवतात, पिस्टन वेगळे देतात, पेट्रोल जास्त सोडणारे इंजेक्टर देतात आणि ईसीयूचं गणित नव्यानं मांडतात. घरी बसवताना पंप आधी येतो आणि बाकीच्या गोष्टी ‘पुढच्या महिन्यात बघू’ या यादीत जातात.

ईसीयूचं प्रकरण तर आणखीच नाजूक. बऱ्याच जुन्या गाड्यांची यंत्रणा बाहेरच्या दाबापर्यंतच विचार करते. त्यापुढचा दाब तिच्या गणितातच नसतो. आत हवा दीडपट येतेय हे तिला कळत नाही, ती जुन्याच हिशेबानं पेट्रोल सोडते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण ‘लीन’. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर लीन चालणारं इंजिन किती टिकेल हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. उत्तर किलोमीटरमध्ये येणार नाही, मिनिटांत येईल.

ई२० नं यात काय फरक पडला?

दोन्ही बाजूंनी पडला. पंपावर आता सरसकट २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि २०२५ मध्ये त्यावरून सोशल मीडियावर भरपूर भांडणं झाली. केंद्र सरकारनं तेव्हा दिलेल्या स्पष्टीकरणात, पेट्रोलचा ऑक्टेन आकडा बीएस-४ च्या काळातल्या ९१ वरून ९५ वर गेल्याचं म्हटलं होतं. ऑक्टेन वाढला की नॉकिंग कमी होतं. म्हणजे बूस्ट देणाऱ्याला ही चांगलीच बातमी वाटायला हवी.

पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागं १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. तेवढ्याच हवेत पेट्रोल सुमारे ९ टक्के जास्त सोडावं लागतं. रोजच्या चालवण्यात गाडीचा ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर बहुतेक जुन्या ईसीयू त्या सेन्सरकडे न बघता पाठ असलेलं गणित वापरतात. नेमकं बूस्ट सगळ्यात जास्त असतं तेव्हाच मिश्रण पुन्हा लीनकडे झुकतं. शिवाय वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या गाडीतले रबरी पाइप आणि सील इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नसतात. पेट्रोलची लाइन झिरपत असेल आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असेल, तर पुढचं वेगळं सांगायला नको. आणि हे सगळं ज्या पार्किंगमध्ये चाललंय, त्याच्या वर सात मजले लोक झोपलेले असतात.

ठाण्याला हे वेड लागलं कुठून?

हा पट्टा मुळात लोखंडाला हात घालणाऱ्यांचा आहे. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये झाली आणि तिच्या पहिल्यावहिल्या वसाहतींत ठाण्याची वागळे इस्टेट होती. लेथ, मिलिंग, शीट मेटल, वेल्डिंग, सगळं चालत्या रिक्षाच्या अंतरावर. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथं प्युजो ३०९ बनत होती. आज त्या परिसरात मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिलेत, पण त्या कारखान्यात आयुष्य काढलेले फिटर-टर्नर आणि त्यांची मुलं कल्याण-डोंबिवलीतच राहिली. उल्हासनगरबद्दल तर काय सांगावं? तिथं कुठल्याही वस्तूची नक्कल होते, हा विनोद आता स्वतःच क्लासिक झालाय. जुने सुटे भाग हवे असतील तर कुर्ला आहेच.

त्यामुळे सुपरचार्जरचा ब्रॅकेट बनवून देणारा माणूस इथं सापडतो. पुली हवी तेवढ्या मापाची कातून मिळते. अडचण कौशल्याची नाहीच.

मग अडतं कुठं?

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ५२.

हे कलम सांगतं, की उत्पादकानं मुळात जी वैशिष्ट्यं ठरवून दिली आणि आरसीत नोंदवली गेली, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा कोणताही बदल मालकानं गाडीत करू नये. अपवाद आहे तो इंधन बदलण्याचा. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त किट बसवता येतं. त्यासाठी किटची चाचणी होते, आरटीओत नोंद होते, आरसी बदलून मिळते. टेंभी नाक्यावरच्या निम्म्या गाड्या सीएनजीवर आहेत, त्यामुळे हा रस्ता ठाणेकरांना पाठ आहे.

ताकद वाढवण्यासाठी असा रस्ता कायद्यात नाही.

केरळच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयानं बदलांबाबत थोडी सैल भूमिका घेतली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ जानेवारी २०१९ ला न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठानं तो निर्णय फिरवला. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही, आणि राज्याच्या नियमांचा आधार घेऊन कलम ५२ ला वळसा घालता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागं’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सुपरचार्जर एक, बदललेला एक्झॉस्ट दुसरा, आणि यादी पुढं वाढत जाते. बदल करून देणारा उत्पादक किंवा डीलर असेल तर त्याला शिक्षा याहून जास्त आहे.

हवा आणि आवाजाचं प्रदूषण, तसंच रस्ता सुरक्षेचे निकष मोडल्याबद्दल कलम १९० आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन एवढी तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. सुपरचार्जरवर रोड रोलर फिरवल्याचा फोटो मात्र सहसा दिसत नाही. कारण सरळ आहे. सायलेन्सर ऐकू येतो आणि सुपरचार्जर बोनेट उघडल्याशिवाय दिसत नाही.

इथं एक गैरसमज हमखास ऐकायला मिळतो: ‘पीयूसी पास झाली, म्हणजे गाडी कायदेशीर.’ पीयूसीत गाडी उभ्या जागी तपासतात. इंजिनवर भार नसतो आणि सुपरचार्जर त्या वेळी जवळजवळ काहीच करत नसतो. बूस्टमध्ये ती गाडी काय ओकते, हे त्या कागदावर येतच नाही. कंपनीची गाडी बाजारात यायच्या आधी तिच्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रीतसर चाचणी होते, त्यात गाडी प्रत्यक्ष भाराखाली चालवून बघतात. ती परीक्षा वेगळी आणि पीयूसी वेगळी.

जुगाडाचं कौतुक, पण रस्त्याबाहेर

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट आठवत असेल. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास, आणि सुरू करायला मोटारसायकलसारखी किक. व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण त्याच ट्विटमध्ये हेही म्हटलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून बदल्यात नवीकोरी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबानं ती स्वीकारली आणि त्यांची जीप महिंद्राकडे गेली.

ही कहाणी गोड शेवटाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेही. पण नीट पाहिलं तर तिच्यात प्रश्नही आहे. एवढं कसब असलेल्या माणसाला ती गाडी तपासून घेऊन, हवे ते बदल करून, कायदेशीरपणे रस्त्यावर आणण्याची सोय नव्हती. त्याला मिळालं ते एका उद्योगपतीचं मोठं मन.

बाहेर काही ठिकाणी अशी सोय आहे. जर्मनीत गाडीत केलेला बदल तज्ज्ञ संस्थेकडून तपासून घेऊन कागदपत्रांत नोंदवता येतो. प्रदूषणाबाबत अमेरिकेत सगळ्यात कडक मानल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियातही सुपरचार्जर किटची चाचणी करून त्याला मंजुरीचा क्रमांक देतात. तो क्रमांक असलेलं किट त्या-त्या मॉडेलवर बसवून रस्त्यावर चालवता येतं. म्हणजे ‘सुपरचार्जर आणि स्वच्छ हवा एकत्र नांदूच शकत नाहीत’ असं काही नाही. भारतात सीएनजी आणि इलेक्ट्रिक किटसाठी जी मंजुरीची यंत्रणा उभी राहिली, ती ताकद वाढवणाऱ्या किटसाठी उभी करायची का, हा धोरणाचा प्रश्न आहे. मागणी करणारे थोडे आणि विरोधाची कारणं भरपूर. रस्त्यांवरच्या अपघातांचे आकडे बघता कुठलाही मंत्री ‘गाड्या अजून वेगवान करायला परवानगी दिली’ अशी बातमी स्वतःच्या नावावर येऊ देणार नाही. ते समजण्यासारखं आहे. पण बंदीमुळे ही कामं थांबलेली नाहीत. ती तपासणीशिवाय होतात, आणि ब्रेक बदलले का, पेट्रोल लाइन नीट बसवली का, हे बघणारा तिसरा माणूस कुणी नसतो.

अपघात झाला तर?

विम्याच्या पॉलिसीत कंपनीनं जोखीम मोजलेली असते ती मूळ गाडीची. बदल कळवला नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. आणि कळवायला जावं, तर बेकायदा बदल कुठली कंपनी नोंदवून घेणार? रेसिंग किंवा वेगाची चाचणी यांच्यासाठी गाडी वापरली, हा मुद्दा तर कायद्यानंच विमा कंपनीला बचावासाठी दिलेला आहे. धडक बसलेल्या तिसऱ्या माणसाला न्यायाधिकरण भरपाई मिळवून देतं, पण अटी मोडल्या असतील तर ती रक्कम कंपनी गाडीमालकाकडून वसूल करण्याचा प्रयत्न करू शकते. ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातले भरपाईचे आकडे अधूनमधून बातम्यांत येतात. ते कुठल्याही सुपरचार्जर किटपेक्षा मोठे असतात.

वेगाचा मोहही आता घराजवळ आलाय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचं एक टोक भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच आलं. कारसाठी वेगमर्यादा आहे ताशी १२०. जुनी व्हीटेक सिटी सुपरचार्जरशिवायही हा वेग आरामात ओलांडते.

हौस भागवायची कुठं?

लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग रेस होते. तिथं तपासणी असते, हेल्मेट असतं, रुग्णवाहिका असते आणि समोर रस्ता ओलांडणारी आजी नसते. फक्त ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी तिथपर्यंत फ्लॅटबेडवरून न्यायची असते, हे बरेच जण सोयीस्करपणे विसरतात.

ज्यांना पळवण्यापेक्षा बनवण्यात रस आहे, त्यांच्यासाठी कॉलेजांच्या स्पर्धा आहेत. के. जे. सोमय्याच्या ‘ओरायन रेसिंग’सारख्या टीम विद्यार्थ्यांनी बनवलेली फॉर्म्युला गाडी घेऊन उतरतात. या स्पर्धांत टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही चालतात, पण इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका छिद्रातून जायला हवी, अशी अट असते. पेनाच्या टोपणापेक्षा थोडं मोठं छिद्र. त्यामुळे कितीही मोठा पंप लावला तरी ताकदीला वर छप्पर राहतं, आणि त्या छपराखाली कोण जास्त हुशारी दाखवतो यावर निकाल ठरतो. वागळे इस्टेटच्या एखाद्या लेथवर या टीमचे भागही बनतात, आणि तिथं कुणाला शटर अर्धं खाली ओढावं लागत नाही.

टेंभी नाक्याच्या त्या सेदानला मात्र एक तारीख टाळता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वीस वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपयांवर गेलं. एमएच ०४ असो की कल्याणचं एमएच ०५, त्यासाठी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, आणि निरीक्षक चासी नंबर बघायला बोनेट उघडायला सांगतो. म्हणून असे बदल केलेल्या कित्येकांच्या घरी माळ्यावर एक खोकं जपून ठेवलेलं असतं. त्यात मूळ एअर फिल्टरचा डबा, मूळ पुली, मूळ बेल्ट आणि मूळ ईसीयू असतो. तारखेच्या आधी दोन रात्री खोकं खाली उतरतं, आणि नव्यानं पाडलेली भोकं बुजवायला त्याच लेथवाल्याला फोन जातो.